तंत्रस्नेही शिक्षक घडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

वसई तालुक्याच्या पूर्वेला, तानसा नदीकाठच्या भाताणे-मेढ्याच्या बाजूला, एखाद्या दोन शिक्षकांच्या शाळेत नवं तंत्रज्ञान रुजवायचं असेल, तर शिक्षकाला काय हवं आहे हे चुकूनही विचारू नये. विचारलं की तो भलतंच काढतो. वीजबिल कुठल्या पैशातून भरायचं, पांढरतारा पूल पाण्याखाली गेला की दुरुस्तीवाला येणार कुठून, एका इयत्तेला पडद्यासमोर बसवलं तर बाकीच्या तिन्हींचं काय करायचं, असल्या शंकांची उत्तरं देत बसलं तर उद्घाटनाची तारीख हुकते. म्हणून आधी यंत्र पाठवावं. ते मुख्याध्यापकांच्या सहीने डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढलं की तंत्रज्ञान शाळेत पोचलं असं मानण्याचा प्रघात आहे आणि तो सोयीचा आहे, कारण नोंदी मोजता येतात. यंत्र वापरलं जातं की नाही हे मोजायला कुणाला तरी वर्गात जाऊन बसावं लागेल.

शिक्षक तंत्रज्ञानाला बिचकतो, हा समज मात्र मार्गदर्शकाने सुरुवातीलाच सोडून द्यावा. पुरावा नेमका उलटा आहे. २०१५ साली ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांनी रात्री जागून, सर्व्हर मोकळा असण्याची वेळ साधून, एकेका मुलाची माहिती चढवली. पगार शालार्थवर, शाळेची माहिती यूडायस प्लसवर, खिचडी खाणाऱ्या मुलांचा आकडा पोषण आहाराच्या ॲपवर आणि २०२३च्या डिसेंबरपासून हजेरी चॅटबॉटवर. मुलांचं आधार जुळलं नाही तर मुलांच्या संख्येवर पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षकाचं पदच धोक्यात येतं, त्यामुळे नावातला ऱ्हस्व-दीर्घ आधार कार्डाशी कसा जुळवायचा यात आपले गुरुजी आणि बाई आता कुठल्याही संगणक अभियंत्याला शिकवतील. जानेवारी २०१७ पासून दर सोमवारी मुलांचे दहा-दहाचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढून पाठवण्याचाही आदेश निघाला होता. विरोध झाला म्हणून तो बारगळला. फोन वापरता येत नाही म्हणून नव्हे. यातून निघणारा नियम सोपा आहे. जे तंत्रज्ञान माहिती वर नेतं ते शिक्षक हमखास शिकतो, कारण त्याला मुदत असते, स्मरणपत्र असतं आणि चुकलं तर नोटीस असते. जे तंत्रज्ञान खाली मुलापर्यंत जायचं असतं त्याला यातलं काहीच नसतं, म्हणून ते कपाटात राहतं.

यावर कुणी म्हणेल, मग मुलापर्यंत जाणाऱ्या साधनासाठी शिक्षकाला वेळ मोकळा करून द्या. सूचना हेतूने चांगली असली तरी तिच्यामागे हिशोब नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे सगळ्या इयत्ता येतात. त्याच कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायला मनाई केली आहे, पण ऑनलाइन माहिती भरणं हे अशैक्षणिक आहे असं त्यात कुठे लिहिलंय? ‘आम्हाला शिकवू द्या’ असं म्हणत शिक्षकांना मोर्चे काढावे लागले यावरून कायद्याचं हे वाचन प्रशासनाला मान्य असावं. तेव्हा वेळ मोकळा न करता प्रशिक्षण द्यावं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांच्या शिक्षकांना एका खोलीत बसवून प्रोजेक्टरवर ॲपची चित्रं दाखवावीत. फोन हातात घेऊन करून पाहायला सांगू नये. नेटवर्क नसल्याचं तिथेच उघड होतं. उपस्थितीची लिंक मात्र तिथल्या तिथे भरून घ्यावी.

दुसरा आक्षेप उदाहरणांचा असतो आणि तो जरा अडचणीचा आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा कुठल्याही योजनेची वाट न पाहता लोकसहभागातून डिजिटल झाली आणि राज्यभरातून माणसं ती बघायला गेली. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर आले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. ही उदाहरणं भाषणात जरूर वापरावीत, पण त्यांच्या खोलात शिरू नये. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने आपल्या वर्गातली अडचण आधी पाहिली, साधन नंतर निवडलं आणि जमलं नाही ते बदलून पाहिलं. मार्गदर्शक पुस्तिकेत हे आलं तर शिक्षकाला नापसंतीचाही अधिकार द्यावा लागेल. मुलाचं वाचन ऐकून चूक दाखवणारं ॲप प्रमाण मराठी ऐकायला शिकलेलं आहे, आमच्या वर्गात कादोडी आणि वारली बोलणारी मुलं आहेत, तेव्हा ते पहिलीला नको, तिसरीला चालेल, असं एखाद्या बाई म्हणाल्या तर त्या बरोबर असतील. मग खरेदी झालेल्या परवान्यांचं काय करायचं?

शिक्षकाला मधून काढून यंत्र थेट मुलाच्या हाती द्यावं, असा एक झटपट उपायही सुचवला जातो. त्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्याच योजनेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासात गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. मुलं लॅपटॉप चालवायला सराईतपणे शिकली, एवढं मात्र खरं. पण यंत्र आलं आणि गुरुजींच्या कामात काहीच बदललं नाही, तर मुलाला यंत्रच येतं, गणित येत नाही. पेरूने पैसे खर्चून काढलेला हा निष्कर्ष वसईला फुकट मिळतोय. त्यामुळे त्याची किंमत कोण करणार?

शेवटचं काम मूल्यमापनाचं. त्यासाठी एक गुगल फॉर्म करावा आणि तो सकाळी अकरा वाजता व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘आज दुपारी दोनपर्यंत, तात्काळ’ असं लिहावं. यंत्राचा फोटो, यंत्रासमोर बसलेल्या मुलांचा फोटो, यंत्रासमोर बसलेल्या मुलांसह शिक्षकाचा फोटो, असे तीन फोटो मागवावेत. त्या दिवशी वीज नसेल तरी फोटोत पडदा काळा असल्याचं कुणी पाहत नाही. ‘मुलांना काय येऊ लागलं’ हा रकाना ठेवायचाच झाला तर सर्वांत खाली ठेवावा आणि त्यात ‘निरंक’ आधीच भरून पाठवावं. शिक्षकाचा तेवढाच वेळ वाचेल.