बिनशेतीचा पाहुणा

लातूर जिल्ह्यात ज्याला शेत नाही, त्याला वर्षभर कोणी धरत नाही. पाऊस लांबला तर त्याच्या सांत्वनाला कोणी येत नाही. सोयाबीनचा भाव पडला तर पारावर बसून सरकारला शिव्या देण्याचाही त्याला हक्क नसतो. दिल्याच, तर ‘तुमचं काय जातंय सर?’ म्हणून गप्प बसवतात. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीपायी औसा तालुक्यातल्या एका गावात येऊन पडलेला शाळामास्तर. माझ्या नावचा सातबारा नाही. अंगणात शेवग्याचं एक झाड आणि पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता, एवढीच आमची जिरायत आणि बागायत. पण मार्गशीर्ष संपत आला की या बिनशेतीच्या माणसाचा भाव असा चढतो, की तेवढा तुरीचा चढला तर गावातल्या एकूणएक घरावर स्लॅब पडेल.

कारण मार्गशीर्ष अमावास्येला इकडे येळवस असते. लातूर, धाराशिव, सोलापूर-नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडचं बिदर, कलबुर्गी, एवढ्या टापूत त्या दिवशी घराला कुलूप लावून अख्खं घर शेतात जेवायला जातं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. लातूरसारख्या शहरात दुकानं बंद, रस्ते ओस; नवखा माणूस एसटीतून उतरला तर संचारबंदी आहे असं समजून त्याच गाडीनं परत फिरेल. रानात ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यात, तुरी शेंगांनी वाकलेल्या. काळी आई गर्भार आहे, तिचं हे डोहाळजेवण, असं म्हातारी माणसं सांगतात. डोहाळे तिचे, खायचं मात्र आम्ही.

आणि अडचण नेमकी इथंच आहे. गावात ज्याचं त्याचं शेत, ज्याची त्याची कोप, ज्याचं त्याचं पातेलं. येळवशीला पाहुणा जेवला नाही तर ती कसली येळवस? पण सगळेच यजमान झाल्यावर पाहुणे आणायचे कुठून? उरतो आम्ही शेत नसलेले: मी, पोस्टमन, बँकेचे साहेब आणि बदली होऊन आलेल्या दवाखान्यातल्या सिस्टर. तलाठ्यालाही मोठी मागणी असते. पण तो जाणता माणूस. त्या दिवशी त्याचा फोन लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना ‘तुमच्याकडंच निघालो होतो’ असं सांगतो. साहेबांना साखर आहे, सिस्टरांचा उपास निघतो. शेवटी सगळा भार माझ्या पोटावर येतो.

आमंत्रणं चार दिवस आधी सुरू होतात. समोरचे अण्णा दारातूनच ओरडतात, “सर, यंदा आमच्याकडंच यायचं बघा. गेल्या साली तात्याकडं जास्त येळ बसलाव तुम्ही.” अण्णा आणि तात्या सख्खे चुलतभाऊ. दोघांची शेतं लागून, आणि मधल्या बांधाचा दावा तहसिलात. बांध कोणी किती कोरला याचा निकाल लागायचाय. मी कोणाच्या कोपीत किती वेळ बसलो, याचा मात्र दोघांकडे मिनिटागणिक हिशोब आहे.

आता कोपीचं सांगतो. कोप करायची कडब्याची. ज्वारीच्या पेंढ्या तिरप्या उभ्या करून वर बांधायच्या, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, मग जेवणं. पण कडबा यायला ज्वारी लागते, आणि ज्वारीच्या जागी गेल्या काही वर्षांत सोयाबीन येऊन बसलंय. सोयाबीनच्या भुसकटाची कोप होत नाही. म्हणून ज्याच्याकडे अजून चार एकर ज्वारी आहे, त्याच्या दारात त्या आठवड्यात गर्दी. “दोन पेंढ्या द्या मालक, कोपीपुरत्या.” तोही देतो, आणि देताना ‘सोयाबीन लावा अजून’ एवढं वाक्य वर देतो. ज्यांना तेही मिळत नाही, ते हिरव्या शेडनेटवर भागवतात. गेल्या साली एकानं निवडणुकीत उरलेला फ्लेक्स टाकला होता. आत जेवायला बसलं की डोक्यावर एक भावी आमदार उलटे हात जोडून हसत होते. निवडून आले नाहीत. पण सावली चांगली देत होते, हे मी स्वतः बसून पाहिलेलं आहे.

खरी येळवस मात्र आदल्या रात्री गल्लीत होते आणि ती बायका करतात. पुरुषांचा वाटा ‘होऊ द्या, होऊ द्या’ म्हणण्यापुरता. भज्जी नावाचा जो पदार्थ असतो (कांदाभज्यांशी त्याचा काही संबंध नाही), त्यात त्या हंगामात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं पडतं. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे, वालाच्या शेंगा, ओले शेंगदाणे, वांगी, गाजर, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात. वरून आंबट ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ आणि चिंचेचा कोळ. पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ ही याच जिल्ह्याची. दोघींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण ते भज्जीला सांगायला कोणी जात नाही. एकूण भाज्या किती लागतात, यावर आमच्या गल्लीत एकमत नाही. एका मावशींचा आकडा दुसऱ्या मावशींना मान्य नसतो आणि दोघी आपापल्या सासूचा दाखला देतात. सासवा हयात नाहीत, त्यामुळे प्रश्न सुटत नाही.

एवढं सगळं एका घरच्या रानात थोडंच पिकतं? त्यामुळे संध्याकाळपासून वाट्या, सूप, पदर यांची ये-जा चालू होते. अण्णांकडची तूर तात्यांकडे जाते, तात्यांकडचा वाटाणा अण्णांकडे येतो. नेणाऱ्या-आणणाऱ्या त्यांच्या बायका, ज्यांना बांधाचा दावा कोणीतरी कळवायला विसरलेलं आहे. आमच्या ओट्यावर शेंगा सोलायला बैठक बसते. सोलता सोलता वर्षभराच्या बातम्या सोलल्या जातात. कोणाचं लग्न का मोडलं, कोणाच्या विहिरीला पाणी का लागलं नाही, कोणाची सून रिल्स करते. शेवटी टरफलांचा ढीग आणि बातम्यांचा ढीग सारखाच होतो. टरफलं म्हशीला जातात.

या देवघेवीत आमचं घर काय देतं? शेवगा द्यायची सोय नाही, कारण प्रत्येकाच्या परसात शेवगा आहे आणि झाडाला शेंगा लागल्या की त्या एकाच आठवड्यात सगळ्या गावाला लागतात. त्या दिवसांत शेवग्याच्या शेंगा घेऊन येणारा माणूस दिसला की लोक दार लोटून घेतात. एकदा मी पाठवलेली पेंडी तीन घरं फिरून, सुतळी बदलून, संध्याकाळी आमच्याच दारात वानवळा म्हणून परत आली. सौभाग्यवतींनी ती ओळखली आणि ‘कशाला एवढं आणलंत’ म्हणून ठेवून घेतली. उरला कढीपत्ता. तो पाच घरांत पुरवून पुरवून झाडाच्या काड्या राहिल्या आहेत.

पण माझं खरं नाणं वेगळंच आहे. राज्यात २०२१ पासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करायची, ई-पीक पाहणी म्हणून. आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. रब्बीच्या पाहणीचे दिवस आणि येळवस साधारण एकाच सुमाराला येतात. त्यामुळे डिसेंबरभर मी लोकांच्या हरभऱ्यात हात उंच करून रेंज शोधत उभा असतो. तुरीच्या शेंगांची पिशवी दारात ठेवून माणूस पाच मिनिटं हवापाण्याचं बोलतो आणि मग म्हणतो, “बरं, तेवढं पाहणीचं बघता का सर?” कोणाच्या तुरीचे किती दाणे कोणत्या ओटीपीला, हे कुठं लिहिलेलं नाही. पण चुकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी न्याहारी करायची नाही, हे मला या गावानं शिकवलं. अकराच्या सुमारास पहिली कोप. पत्रावळीत बाजरीचे उंडे, भज्जी, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि पेल्यात आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण-जिरं लावून रात्रभर मुरवलेली आंबील बिंदगीतून ओतली जाते. पहिला पेला गार लागतो. दुसरा पेला आग्रहाचा. तिसऱ्यानंतर माणूस आडवा होतो आणि लिंबाखाली घोरतो, तसा अर्धा जिल्हा त्या दुपारी लिंबाखाली घोरत असतो. मला ती चैन नाही. मला पुढच्या कोपीला जायचं असतं.

दुसऱ्या कोपीत ‘आत्ताच जेवलो’ म्हणून पाहा. “असू द्या की, नुस्ता हात लावा.” हात लावणे म्हणजे दोन उंडे. पोट बिघडलंय असं सांगितलं तर ताबडतोब उपाय निघतो: “मग तर आंबील घ्याच सर, पोटाला लई चांगली.” डॉक्टरांनी मना केलंय म्हणावं, तर डॉक्टर शेजारच्या कोपीत बसून तिसरी पोळी खात असतात. लहान मुलं धावत येऊन खबर देतात, “सर निघाले तिकडून!” की इकडे पत्रावळ मांडलेली. पुण्याकडे तिकीट काढून हुरडा पार्टीला जाणाऱ्यांची मी टिंगल करत असे. आता करत नाही. पैसे दिलेला माणूस ‘पुरे’ म्हणू शकतो, आणि त्या शब्दाला तिथे मान असतो.

अण्णा-तात्यांच्या कोपी एकमेकींपासून वीस पावलांवर. दोघं समोरासमोर बसतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. पाठीमागे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून दोघांच्या बायका बोरं वेचत असतात. शेताला आंबील शिंपडत फेरी मारतात, तेव्हा दोघंही बांधाशी आल्यावर हात आखडता घेतात. आपल्या आंबिलीचा थेंब त्याच्या रानात पडायला नको. पण तात्यांच्या कोपीतून उठताना तात्या माझ्या हातात एक डबा देतात आणि हळूच म्हणतात, “हे त्याला द्या. माझं म्हणून सांगू नका.” मी वीस पावलं चालून डबा अण्णांपुढे ठेवतो. अण्णा भज्जीचा घास घेतात, चघळतात, आकाशाकडे बघतात. “मीठ जास्त पडलंय. आमच्या काकीच्या हातचंच वळण हाय हे.” काकी म्हणजे तात्यांची आई. डबा पुसून रिकामा होतो आणि परत जाताना त्यात खीर असते. अर्थात माझ्याच हातून, अर्थात ‘माझं म्हणून सांगू नका’ या अटीवर.

दिवस कलताना मडक्यात दूध तापवून उतू घालवतात. ज्या दिशेला उतू जाईल, तिकडे पुढलं साल चांगलं. गेल्या साली अण्णांचं दूध तात्यांच्या बाजूला उतू जायला लागलं. अण्णांनी चुलीच्या तीन दगडांपैकी एकाला पायानं जरासा टेकू दिला. दूध सरळ झालं. समोरून तात्यांनी ते पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “सर, तुम्ही साक्षीदार!” तहसिलातल्या दाव्यात हा पुरावा चालेल की नाही, मला माहीत नाही. नंतर अंधार पडताना पेटवलेला हेंडगा (इकडची मशाल) घेऊन पोरं शेताभोवती पळाली, तेव्हा दोन्ही घरची पोरं एकाच हेंडग्यामागे पळत होती आणि बांध कुठून कुठे जातो हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आठवड्याभरानं तारीख पडली. अण्णा आणि तात्या एकाच मोटारसायकलवर औशाला गेले. पेट्रोल परवडत नाही म्हणाले.

हसण्यावारी नेतोय, पण एक साल तसं नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते देशानं पाहिलं. त्याआधीच्या जानेवारीत येळवस होती. रानात कुठे ज्वारी वीतभर, कुठे नुसतीच ढेकळं. भज्जीत काय घालायचं, हा प्रश्न होता. तरी बाजारातून वाटाणा विकत आणून लोक शेतात गेले, रिकाम्या मातीवर आंबील शिंपडली आणि मला नेहमीप्रमाणे हाका मारल्या. त्या साली मी एकाही कोपीत ‘पुरे’ म्हणालो नाही, आणि कोणी दुसऱ्यांदा आग्रहही केला नाही.

तर तुमच्याकडे शेत नसेल आणि मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे असाल, तर खुशाल कुठल्याही रानात शिरा. ओळख लागत नाही, जात कोणी विचारत नाही, हॉटेल उघडं नसतं. मला तेवढाच हातभार लागेल. फक्त आमच्या गावात आलात, तर आधी अण्णांच्या कोपीत बसा. तात्यांकडे आधी गेलात, तर ते काही म्हणणार नाहीत. अण्णा मात्र पुढच्या येळवशीपर्यंत मला ऐकवतील.