पण चढाला काय?

आप्पांना गवत कापायचं यंत्र घ्यायचं आहे. कधीपासून, ते विचारू नका. त्यांचा थोरला नातू पाळण्यात होता तेव्हा ही चौकशी सुरू झाली, आणि तो नातू आता उसाचा ट्रॅक्टर हाकतो. तुमच्या माहितीतही असे एक आप्पा असतीलच. त्यांच्याकडे सगळ्या कंपन्यांची कोटेशनं असतात, फक्त वस्तू नसते.

आमच्या आप्पांची जमीन पाटणच्या वर, डोंगरात. चार एकर, पण त्यातले चार गुंठेही एका पातळीत नाहीत. मधून मधून दगडी ताली, तालीतून निखळलेले धोंडे, वारुळं, करवंदीच्या जाळ्या, आणि पाऊस सरला की कमरेएवढं गवत. हे कापायला यंत्र हवं. मागणी रास्त आहे. त्रास पुढे सुरू होतो.

नोव्हेंबरात कराडला यशवंतराव चव्हाणांच्या नावानं कृषी प्रदर्शन भरतं. आप्पा तिथं काखेत साखर कारखान्याची जुनी डायरी मारून हजर. डायरीत रकाने आखलेले: एचपी, वजन, चाकांमधलं अंतर, किंमत, सबसिडी. शेवटचा रकाना ‘चढ’. तो वरपासून खालपर्यंत कोरा. टाय घातलेलं पोरगं घसा कोरडा होईतो माहिती देतं. पेट्रोलवर इतका वेळ, डिझेलवर इतका वेळ, पात्याला धार अशी, गिअर तसे. आप्पा सगळं लिहून घेतात, पेनाचं टोपण लावतात आणि शांतपणे विचारतात, “सगळं बेस हाय पावनं. पण चढाला काय?”

पोरगं म्हणतं, “चढालाही चालतंय की.”

“किती चढाला?”

इथं पोरगं साहेबांना फोन लावतं.

डिसेंबरात हाच प्रयोग मोशीला, किसान प्रदर्शनात. तिथल्या एकानं पाठीवर अडकवायचा ग्रास कटर दाखवला. हा कुठंही चढतो, कारण माणूस चढतो. आप्पा क्षणभर डळमळले. पण मग त्यांनी पातं लावलं तर दगड नडगीवर येतो आणि नायलॉनचा दोरा लावला तर जाड कुसळीला तो पुरत नाही, हे त्या विक्रेत्यालाच समजावून सांगितलं. दुसऱ्यानं मल्चर दाखवला. त्याची हातोडीसारखी लोंबती पाती धोंडा लागला की मागं सरतात, मोडत नाहीत. हे आप्पांना फार आवडलं. डायरीत दोनदा अधोरेखित केलं. मग विचारलं, मल्चर ओढणारा ट्रॅक्टर चढाला काय?

तासगावला त्यांचे मेव्हणे द्राक्षबागायतदार. दोन ओळींमध्ये ९ फूट अंतर, त्यात छोटा ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन सुळकन फिरतो. मेव्हणे कौतुकानं म्हणाले, “दाजी, बसा की. एक चक्कर मारा.” दाजी बसले, चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, “तुमचं रान म्हंजे कॅरमबोर्ड. इथं काय, बाजसुदीक पळंल.” मेव्हण्यांनी त्या वर्षी बेदाणा पाठवला नाही.

पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा इंजिनिअर, हिंजवडीला नोकरी, स्वतःची गाडी. चहापाणी झालं, सगळे खूश, आणि कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला, “सपाटीला कुणीबी चालतंय. पण चढाला काय?” बैठक स्तब्ध झाली. मुलाच्या वडिलांचे डोळे पाणावले. संसारातल्या चढउतारांवर एवढ्या थोडक्यात कुणी बोललं नव्हतं, असं त्यांनी लग्नाच्या मांडवात माईकवरून सांगितलं. आप्पांनी गाडीचा क्लच विचारला होता.

मग टेक्सासच्या पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. खुर्चीसारखं बसायचं, स्टिअरिंग धरायचं, चहाचा पेला ठेवायला खळगा, आणि खाली पाती गवत कापतायत. आप्पांनी तो इतक्या वेळा पाहिला की काकींना सीरियल दिसेना. पुतण्यानं माहितीपुस्तकही वाचून दाखवलं: बसून चालवायचं यंत्र उतारावर खालीवर न्यायचं, आडवं नाही, नाहीतर कलंडतं, मागून ढकलायचं यंत्र मात्र आडवंच न्यायचं, नाहीतर पाय घसरून पात्याखाली जातो. आणि १५ अंशांपलीकडच्या चढावर बसून चालवायचं यंत्र न्यायचंच नाही.

१५ अंश म्हणजे १०० फूट आडवं गेल्यावर साधारण २७ फूट चढ. आप्पांनी गवंड्याला बोलावलं, पाण्याची नळी धरली, खुंट्या ठोकल्या. त्यांच्या मधल्या तुकड्याचा चढ ३९ फूट भरला. तालुक्यात पहिला नंबर आल्यासारखे ते गावभर सांगत सुटले, “अमेरिकेचं मशीन न्हाई चढत आपल्यात!” यंत्र मिळण्यापेक्षा न मिळण्याचाच आनंद मोठा असतो, ही शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

घराण्यातच आहे म्हणा ते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा तो खपायला दोन वर्षं गेली; लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. पुढं १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आप्पा हे अभिमानानं सांगतात. किर्लोस्करांचा नव्हे, आजोबांचा अभिमान. ती दोन वर्षं ज्यांनी नांगर घेतला नाही त्यांत आपले आजोबा होते, असं त्यांचं म्हणणं.

पोरांनी एकदा परस्पर महाडीबीटीवर पॉवर टिलरसाठी अर्ज भरला. सोडतीत नाव निघालं, पूर्वसंमती आली. आता मुदतीत यंत्र घ्यायचं, बिल जोडायचं, अनुदान खात्यात. आप्पांनी ती मुदत सांगलीच्या दुकानांत चढाची चौकशी करण्यात घालवली.

गवत काही मुदतीसाठी थांबत नाही. दसरा झाला की ते पिकतं, आणि तेव्हा काकी डोक्याला टॉवेल गुंडाळून, विळा घेऊन, शेजारच्या दोन बायका बरोबर घेऊन चढाला लागतात. दिवाळी आली तरी कापणी चालूच असते. पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावरून खाली आणायचे, गंजी रचायची. गेल्या खेपेला मी तालीवर बसून आप्पांकडून चाकांच्या रुंदीचं गणित ऐकत होतो. तेवढ्यात काकी भारा घेऊन खाली आल्या. मी आपलं उगाच म्हणालो, “काकी, आप्पा विचारतात, चढाला काय?”

काकी थांबल्या नाहीत. “चढाला मी हाय की,” म्हणाल्या आणि गेल्या.

आप्पांनी डायरी मिटली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि आप्पांच्या बाबतीत ही मोठी घटना आहे.

तरी एक त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. वरच्या अंगाचा डोंगर पुण्याच्या एका पार्टीनं घेतला. त्यांनी चढाची चौकशी केली नाही. जेसीबी आणला आणि चढच काढून टाकला. आता तिथं बंगला आहे, हिरवळ आहे, आणि हो, बसून चालवायचं ते यंत्रही आहे. छान चालतं. पावसाळ्यात त्यांची लाल माती वाहून ओढ्यात उतरते. आप्पांच्या ताली जागच्या हलत नाहीत. त्यांनाही एजंट भाव देऊन गेला, सपाट करून देतो म्हणाला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. त्याच्यापुढं त्यांनी डायरीसुद्धा उघडली नाही. इतकी वर्षं हा माणूस जमिनीला शोभेल असं यंत्र शोधतोय. यंत्राला शोभेल अशी जमीन करावी, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तेव्हा सातारा-सांगलीतल्या समस्त यंत्रविक्रेत्यांना विनंती. १०० फुटांना ३९ फूट चढणारं, धोंड्याला न घाबरणारं काही तुमच्याकडं असेल, तर प्रदर्शनात मांडू नका. दसऱ्यानंतर टेम्पोत घालून थेट वर आणा. आणि प्रात्यक्षिक आप्पांना नको, काकींना दाखवा. चालवणार त्याच आहेत.