काकू, नाशपाती आणि मुकुटधारी मांडी

इटलीतल्या पार्मा भागात डुकराच्या मांडीला राजमुकुट मिळतो. त्यासाठी तिला काही फार करावं लागत नाही. मीठ चोळून घ्यायचं आणि लांगिरानोच्या हवेत किमान 14 महिने लटकायचं. मिठाशिवाय दुसरं काही घालत नाहीत. शेवटी परीक्षक येतो, घोड्याच्या हाडाची सुई मांडीत चार-पाच ठिकाणी खुपसतो आणि दर वेळी ती हुंगतो. वास पसंत पडला तर कातडीवर पाच टोकांचा मुकुट डागतात. आपल्याकडे मुलगी बघायला येणारेसुद्धा इतके चिकित्सक नसतात.

आमच्या टूरमधल्या काकू कट्टर शाकाहारी. मुकुटाला पाठ दाखवून त्या बसमध्येच बसल्या. चीजच्या कारखान्यात मात्र सगळ्यांत पुढे! तांब्याच्या प्रचंड कढया, 40 किलोंच्या आसपासची पार्मिजानोची चाकं, आणि त्यांवर छोट्या हातोडीने टकटक करत, कान देऊन आतली भेग ओळखणारा माणूस. एका चाकाला 500 लिटरहून जास्त दूध लागतं म्हटल्यावर काकू कळवळल्या, "अरे, अख्ख्या वाड्याची कोजागिरी झाली असती!" उरलेली निवळी डुकरांना पाजतात आणि त्यांचंच पुढे हॅम होतं, हे गाइडने सांगितलं तेव्हा त्या सोयीस्करपणे फोटो काढत होत्या.

संध्याकाळी एका शेतघरात गोड खायला बोलावलं होतं. नाशपाती आणि चीज एकत्र किती छान लागतं ते शेतकऱ्याला कळू देऊ नका, अशी इटालियन म्हण आहे. दोन्ही त्याच्याच घरचं असताना त्याला कसं कळणार नाही, देव जाणे. घरातल्या आजीबाईंनी नाशपातीच्या फोडी लोण्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतल्या, वर चमचाभर मध सोडला आणि कढई उतरवून पार्मिजानोचे ओबडधोबड तुकडे पेरले. हॅम शेवटी. ते विस्तवावर टाकलं की खारट आणि चिवट होतं. गरम फोडीवर तलम काप नुसता पांघरायचा, त्याची चरबी आपोआप पाझरते. गोड, खारट, आंबूस, सगळं एका घासात. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्याला यात धक्का बसायचं कारण नाही.

काकूंची बशी हॅमविना, दुप्पट चीज घालून आली. ती संपली. दुसरी आली. तेवढ्यात आमच्यातल्या एका अभ्यासू गृहस्थांनी माहितीपत्रक मोठ्यांदा वाचायला घेतलं: पार्मिजानोचं दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात.

टेबलावर शांतता पसरली. काकूंनी बशीकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं, आणि चमचा खाली न ठेवता म्हणाल्या, "पानात वाढलेलं टाकू नये."

मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "घरी ह्यांना कळू देऊ नकोस हं."