तात्यांना माहीतच होतं

मंगळवेढ्यात बातमी उशिरा पोचते असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सकाळी आठच्या सुमाराला दामाजी चौकात तात्यांच्या शेजारी बसावं. इथं बातमी यायच्या आधी तिच्यावरचा शेरा तयार असतो. "कंपनीनं ग्राहकांची माहिती…" एवढं वाचून होतंय न होतंय तोच तात्या बशी खाली ठेवतात, उपरण्यानं मिशी पुसतात आणि म्हणतात, "माहीतच होतं. पुढची वाच."

काय माहीत होतं, हे विचारायचं नसतं. कोणत्या कंपनीनं कुणाची माहिती कुणाला विकली, हा तपशील तात्यांच्या लेखी फापटपसारा. चोर कोण हे एकदा ठरलं की चोरी कशाची झाली याला काय महत्त्व?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तात्यांच्या संशयालाही ते मिळायला हरकत नव्हती. दोन्ही पिकं याच काळ्या रानात, अपुऱ्या पावसावर येतात. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांना उपसा सिंचनाचं पाणी येणार, हे तात्या एकामागून एक निवडणुकांत ऐकत आले. आश्वासनं पिऊन तहान भागत नाही, जीभ मात्र धारदार होते. ती धार तात्यांनी मोबाईल आल्यापासून थेट अमेरिकेवर चालवायला घेतली.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. कंपनीनं डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलं होतं, की गाडी तपासणीला उभी आहे हे तिचं तिलाच कळायचं. तपासणीपुरता धूर स्वच्छ. रस्त्यावर आली की विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. चौकातली पोरं थक्क. तात्या नाहीत.

"त्यात काय एवढं? साहेब आला की काटा सरळ, साहेब गेला की ट्रॉलीमागं दोन क्विंटल गायब. उसाच्या काट्यावर आमचा बाप हेच बघत मेला. जर्मनीवाल्यांनी फक्त चाकं लावली."

२०१८ मध्ये फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीच्या हाती गेल्याचं उघड झालं आणि पुढच्या वर्षी फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला. आता तरी तात्यांना बरं वाटेल म्हणून एकानं आकडा मोठ्यानं वाचला.

"शेअर पडला का वाढला?" तात्यांनी विचारलं.

"वाढला."

"मग दंड कसला? भाडं भरलंय ते."

गंमत म्हणजे तात्या बहुतेक वेळा बरोबर असतात, आणि तीच खरी पंचाईत आहे. चुकले असते तर केव्हाच गप्प झाले असते.

बरोबर असण्याची त्यांची पद्धतही पक्की आहे. २०२१ च्या जुलैत पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा गाजावाजा झाला, तेव्हा तात्या म्हणाले, "बघा, सापडलं." पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले. त्यांतल्या ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं, पण ते पेगाससच होतं असं काही ठाम म्हणता आलं नाही. तात्या म्हणाले, "बघा, सापडलंसुद्धा न्हाई. किती भारी असंल!" २०२१ च्याच जुलैत विधानसभेत काँग्रेसच्या नाना पटोल्यांनी आरोप केला होता, की आपला फोन 'अमजद खान' या नावाखाली टॅप झाला होता. त्या दिवशी तात्या चहाचे पैसे द्यायचं विसरले, इतके खूश होते.

२०२५ च्या डिसेंबरात मात्र त्यांची पंचाईत झाली. प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अॅप आधीपासूनच घालून द्या, असा केंद्राचा आदेश बाहेर आला. तात्यांनी चौकात दोन दिवस किल्ला लढवला. तिसऱ्या दिवशी ओरड वाढल्यावर सरकारनं सक्ती मागं घेतली. लोक म्हणाले, "जिंकलो की तात्या!" तात्यांचा चेहरा उतरला. आपण ज्याच्यावर पक्का अविश्वास ठेवला, त्यानंच ऐन वेळी माघार घ्यावी म्हणजे काय? बराच विचार करून ते म्हणाले, "मागं घेतलं म्हणजे दुसऱ्या दारानं आत आलंय." मग त्यांच्या जिवात जीव आला.

स्वतःच्या फोनचा बंदोबस्त तात्यांनी केव्हाच केलाय. पुढच्या कॅमेऱ्यावर काकूंची मरून टिकली चिकटवलेली आहे. पुण्याचा नातू व्हिडिओ कॉल लावतो तेव्हा त्याला नुसता काळोख दिसतो. आजोबांच्या गावात कायम लाईट गेलेली असते, असं त्यानं शाळेत सांगून ठेवलंय. बोलण्यावर पाळत नको म्हणून महत्त्वाच्या बोलण्याआधी फोन चपात्यांच्या डब्यात जातो. ॲपलनं सिरी बोलणं चोरून ऐकते या आरोपाच्या खटल्यात चूक कबूल न करता ९ कोटी ५० लाख डॉलर मोजून तडजोड केल्याची बातमी आली, तेव्हापासून डब्याला झाकणही लागतं. महत्त्वाचं बोलणं म्हणजे शेजाऱ्यानं बांध किती कोरला ते. आणि हे सगळं करणारे तात्या नवीन अॅप आलं की प्रत्येक परवानगीला "हो" दाबत जातात. विचारलं तर म्हणतात, "न्हाई म्हणून कुठं जाणार? त्यांनी आधीच घेतलंय सगळं."

एकदा मी धीर करून म्हटलं, "तात्या, फोक्सवॅगनची चोरी तुम्हाला माहीत होती, कबूल. पण सापडली कशी? वेस्ट व्हर्जिनियातल्या विद्यापीठातल्या चारदोन माणसांनी डिकीत मापायचं यंत्र टाकलं आणि लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत गाडी पळवत धूर मोजला. म्हणजे ट्रॉली दुसऱ्या काट्यावर नेऊन वजन केलं."

"मग?"

"आणि खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं २०१७ मध्ये न्यायालयानं म्हटलं ते पुट्टस्वामींच्या याचिकेवर. निवृत्त न्यायाधीश. आधारविरुद्ध २०१२ मध्ये कोर्टात गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते."

"वेळ असंल त्यांना," म्हणून तात्यांनी दुसरा चहा सांगितला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

पीक विम्याचं तेच. एक रुपयात विमा होता त्या काळात अवकाळीनं ज्वारी आडवी पडली. नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायची होती. "कंपनी एक दमडी देणार न्हाई," असं चौकात सांगण्यात तात्यांचे पहिले ४८ तास गेले. उरलेल्या वेळात काकूंनी भाच्याला बांधावर उभं केलं, पडलेल्या धाटांचे फोटो काढून घेतले, तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवला. पुढं खात्यात पैसे आले. फार नव्हते, पण आले. तात्या पासबुक बघून हळहळले, "एवढे दिले म्हणजे किती खाल्ले असतील!"

त्या संध्याकाळी तात्यांनी ओट्यावर आपला हुकमाचा एक्का काढला. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं. "ती खबर बिदरला कुणी पोचवली? पंतांच्याच हाताखालच्या माणसानं. तवा कुठं मोबाईल होता? पाळत ठेवायला मशीन लागत न्हाई, जळका शेजारी पुरतो."

काकू तांदूळ निवडत होत्या. ताटातून नजर न काढता म्हणाल्या, "अन् पुढं? विठोबा विठू होऊन बिदरला गेला, पैसे भरले, अन् पावती घेऊन आला. बादशहा कसा हाय, ते देवाला ठाऊक नव्हतं व्हय? ठाऊक होतं म्हणूनच पावती घेतली की."

ओट्यावर कुणी हसलं नाही, कारण तात्या सगळ्यांकडे बघत होते.

घाव वर्मी बसला असावा. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत दुकानात आल्यावर तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पक्कं बिल मागितलं. दुकानातल्या पोरानं संगणकावरून मान न काढता विचारलं, "मोबाईल नंबर सांगा."

तात्यांच्या चेहऱ्यावर कालपासून गेलेलं तेज परत आलं. मी घाईनं म्हटलं, "देऊ नका. नंबरासाठी ग्राहकाला अडवून धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. बिल देत नसेल तर हेल्पलाईनवर तक्रार करता येते."

"करतो की," तात्या म्हणाले. "लाव फोन. काय काय लागतं?"

मी फोनवर तक्रारीचं पान उघडलं. पहिल्याच चौकटीत मोबाईल नंबर मागितला होता.