पहिली मॅच देवाला

कोकणात जे पहिलं हाती येतं ते देवाचं. झाडाचा पहिला हापूस देवाला, पहिला फणस देवाला, नव्या भाताची पहिली लोंबी देवाला. या यादीत मुंबई इंडियन्सच्या भक्तांनी एक भर घातली आहे, पहिली मॅच देवाला. 2013पासून 2025पर्यंत सलग तेरा मोसम हा नैवेद्य न चुकता पोहोचला. आयपीएलमध्ये इतकी नेमाची सेवा दुसऱ्या कुठल्याही संघाच्या हातून घडलेली नाही.

आमच्या संगमेश्वरच्या बाजारपेठेतले अण्णा या पंथातले थोर अधिकारी. एरवी अण्णा म्हणजे क्षमा हा शब्द ऐकला की ऐकू न येणारा माणूस. दुकानात ‘उधारी बंद’ची पाटी दोन ठिकाणी, एक गिऱ्हाइकासाठी आणि एक जावयासाठी. सख्ख्या भावाशी वीतभर बांधावरून बोलणं बंद आहे, ते उघडेल असा कोर्टाचाही अंदाज नाही. रिक्षावाल्याने दोन रुपये जास्त घेतले तर ते शिमग्यापर्यंत लक्षात ठेवून पालखीपुढे गाऱ्हाण्यात घालतील. पण 2008 साली 11 कोटी 19 लाख डॉलर मोजून विकत घेतलेला, त्या वेळचा सगळ्यांत महागडा संघ दर वर्षी सलामीलाच हरायचा, तेव्हा हेच अण्णा हात जोडून म्हणायचे, “असूंदे. लेकरं आहेत.”

2025 साली, 23 मार्चच्या रविवारी, चेपॉकवर चेन्नईशी पहिली मॅच होती. शिमगा आटपून पालखी सहाणेवरून देवळात गेली होती, चाकरमानी कोकण रेल्वेत उभ्याने परतले होते, आणि अण्णा साडेसातच्या आधीच टीव्हीपुढे नारळ घेऊन बसले होते. नारळ जिंकण्यासाठी असेल असं मला वाटलं. पण तो वेगळ्या कामाचा होता.

चौथ्याच चेंडूवर रोहित शर्मा शून्यावर गेला. मी कपाळाला हात लावला. अण्णांनी समाधानाने मांडी बदलली. “सुरवात चांगली झाली.”

मग धोनीने सूर्यकुमारला यष्टिचीत केलं, ते इतक्या चपळाईने की आमच्याकडच्या व्होल्टेजला ते दाखवता आलं नाही. सूर्यकुमार कप्तान होता, कारण हार्दिक पांड्यावर आदल्या मोसमातल्या संथ षटकांबद्दल एका सामन्याची बंदी होती. म्हणजे पाप आदल्या वर्षाचं, प्रायश्चित्त नव्या मोसमाच्या पहिल्या मॅचला. अण्णांना हा योग फार आवडला. पुढे नूर अहमदने अवघ्या अठरा धावांत चार बळी घेतले आणि अण्णांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला. सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात दीपक चहरने शेवटी येऊन पंधरा चेंडूंत अठ्ठावीस मारले आणि धावसंख्या 155 झाली.

“ह्याला काय गरज होती?” अण्णा अस्वस्थ झाले.

खरी घालमेल पुढेच होती. विघ्नेश पुथुर नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज आला. केरळचा पोरगा, वडील रिक्षा चालवणारे, स्वतः तोवर राज्याच्या मुख्य संघातूनसुद्धा कधी खेळलेला नव्हता. त्याने ऋतुराज गायकवाड, शिवम दुबे आणि दीपक हुडा असे तीन गडी उडवले. टीव्हीवर कौतुकाचा पूर आला, नातू नाचायला लागला, आणि अण्णांचा चेहरा मात्र पुराचं पाणी उंबऱ्याला लागल्यासारखा झाला.

“ह्याला कोनी सांगितलं न्हाय काय?”

“काय सांगायचं, अण्णा?”

“पयली मॅच देवाला म्हनून! केरळचा हाय तो, त्याला आपल्याकडची रीत म्हाईत न्हाय. पन बाकीच्यांनी तरी कानात सांगायचं ना!”

मुंबईचा भक्त मुंबई जिंकेल या धास्तीने घामाघूम झालेला मी तेव्हा पाहिला. अखेर विसाव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर रचिन रवींद्रने षटकार मारून सेवा पूर्ण केली. अण्णांनी उठून नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि निश्चिंत मनाने टीव्ही बंद केला. जिंकलेल्या चेन्नईतसुद्धा इतकी शांत झोप त्या रात्री कुणाला लागली नसेल.

या पंथाला पुरावे नाहीत असं कुणी समजू नये. अण्णांना ते तोंडपाठ आहेत. या तेरा मोसमांआधी मुंबईने पहिली मॅच शेवटची जिंकली 2012 साली. त्या वर्षी कप मिळाला? नाही. पुढच्या वर्षी पहिली मॅच बंगळुरूला दोन धावांनी देवाला वाहिली. कप आला! मग 2015, 2017, 2019, 2020, पाचही कप पहिली मॅच हरलेल्याच वर्षी. 2015ला तर ओळीने चार वाहिल्या होत्या. मी विचारलं, मग उरलेल्या सात वर्षांचं काय? तिथेही देवाला मिळालंच की. अण्णा म्हणाले, प्रसाद रोज मागायचा नसतो. 2022 साली तर ओळीने पहिल्या आठही मॅचेस हरलो, त्याचं काय? त्यावर अण्णांनी थोडा विचार केला. “तो अतिरेक झाला. देवाला पन पचलं पायजे.” त्या वर्षी मुंबई तळाला होती, म्हणजे देवाने बहुतेक उलटं परत केलं.

एवढंच नव्हे, देवाने दक्षिणा गोळा करायला माणसंही नेमली आहेत, आणि ती बहुधा मराठीच असतात हा अण्णांच्या अभ्यासातला सगळ्यांत दुखरा भाग. 2016 साली वानखेडेवर पुण्याचा नवाकोरा संघ आयुष्यातली पहिलीच मॅच खेळायला आला, आणि डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेने नाबाद 66 करून नऊ गडी राखून ती नेली. 2018 साली केदार जाधव मांडीचा स्नायू दुखावून लंगडत परत मैदानात आला आणि षटकार-चौकार मारून चेन्नईला एक गडी राखून जिंकवून गेला. आणि 2025 साली गायकवाड, 26 चेंडूंत 53. “पुण्याची मान्सं,” अण्णा म्हणतात, “दक्षिना सोडीत न्हायत.” 2024 साली मात्र वसुली अहमदाबादेत झाली, सहा धावांनी. मुंबईतलं एकेक गुजरातला जातं त्यात एक मॅच गेली तर बोंब कशाला, असं म्हणून ती त्यांनी सोडून दिली. तसंही, गुजरातहून त्या बदल्यात हार्दिक कप्तान म्हणून आला होता.

आता हा वेडेपणा फक्त आमच्याकडेच आहे असं वाटत असेल, तर अमेरिकेकडे बघा. तिथे बेसबॉलच्या मोसमाची पहिली मॅच म्हणजे सण. न्यूयॉर्क मेट्स नावाचा संघ 1962 साली निघाला आणि आपल्या पहिल्या आठही मोसमांची सलामी हरला. आठवी तर माँट्रियलच्या अगदी नव्या संघाकडून 11-10 अशी, त्या संघाच्या आयुष्यातल्या पहिल्याच मॅचमध्ये. ते साल होतं 1969. आणि त्याच वर्षी मेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली! मी हे सांगितल्यावर अण्णा गहिवरले. न्यूयॉर्कला आपले गाववाले आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. फक्त तिथे मोसमात 162 मॅचेस असतात हे ऐकून ते गप्प झाले. एवढ्या मोठ्या पंगतीत एक घास बाजूला काढला तर कळतही नाही. आपल्याकडे साखळीत चौदाच पानं.

तरी तत्त्वज्ञान म्हणून ही गोष्ट सोयीची आहे हे मान्य करायला हवं, आणि तिचा वापर केवळ क्रिकेटपुरता राहिलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. आमच्या दारातून जाणारा आरवली-कांटे टप्पा त्यातलाच. दर पावसाळ्याआधी एक तारीख जाहीर होते, दर गणपतीआधी ती उजळणीला येते, आणि दर वेळी बाजारपेठेतली शहाणी माणसं चहाचा घोट घेऊन म्हणतात, ही तारीख देवाला. मुदत संपली की कंत्राटदार बदलतो, कंत्राटदार बदलला की मुदत बदलते, फक्त देव तोच राहतो. 2025 साली ‘छावा’ सिनेमा बघून, संभाजी महाराज जिथे पकडले गेले त्या कसब्याला निघालेल्या गाड्या धुळीत रांगा लावून उभ्या होत्या, तेव्हा एका मुंबईकराने खिडकीतून मला विचारलं, “काका, हा रस्ता कधी पूर्ण होणार?” मी त्याला अण्णांच्या दुकानाकडे पाठवलं. अण्णांनी त्याला नारळ विकला.

फरक एकच. हापूसची पहिली पेटी देवापुढे ठेवली की दुसरीपासून वाशीच्या मार्केटला जायची वाट मोकळी होते, हिशेब चोख असतो. रस्त्याच्या बाबतीत दुसरी पेटी कुणी पाहिलेली नाही.

चेपॉकच्या मॅचनंतरच्या रविवारी पाडवा होता. सकाळी अण्णांच्या दारात गुढी उभी होती, खण निळा, कडुलिंबाच्या डहाळीशेजारी मुंबईचा लहान झेंडा. मी शुभेच्छा द्यायला गेलो तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच, कारण आदल्या रात्री अहमदाबादेत दुसरी मॅचही छत्तीस धावांनी गेली होती, आणि या वेळी हार्दिकही खेळला होता. पण नातू आधीच भोचकपणा करून बसला होता.

“आजोबा, पयली देवाला. मग कालची?”

“राखणदाराला,” अण्णा शांतपणे म्हणाले. “वेशीवरच्याला विसरलं की तो मधेच आडवा येतो.”

“आणि उद्याची? वानखेडेला कोलकात्याशी हाय.”

अण्णांनी गुळाचा खडा आणि कडुलिंब तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, आणि आत वहिनींना हाक मारली, “आगो, घरात नारळ किती ऱ्हायलेत बघ.”