किलकिली खिडकी

बेशाकडच्या एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. प्लॉट दाखवताना दलाल म्हणाला होता, ‘हवा भरपूर आहे, साहेब.’ तो खोटं बोलला नव्हता. मे महिन्यात ती हवा थेट भट्टीतून निघून आमच्याकडे मुक्कामाला येते, एवढंच सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात पाण्याची ओरड सुरू होते. सल्ल्यांची टंचाई मात्र कधीच पडत नाही. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर दर चैत्रात कुंपणावरून विचारतात, ‘स्लॅबला चुना मारला का?’ पांढऱ्या गच्चीवरून ऊन आल्या पावली परत जातं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, की ऊन हा वर्गणी मागायला आलेला मनुष्य आहे आणि त्याला दारातूनच वाटेला लावायचं आहे.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, ‘बाबा, एसी २४ वर ठेवा.’ २०२० पासून नवा घरगुती एसी सुरू करताच आपणहून २४ वरच उभा राहतो. सरकारनेच तसं ठरवून दिलं आहे. एक अंश वर चढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते म्हणतात. मी रिमोट हातात घेऊन त्या आकड्याकडे बघत बसतो. परीक्षेत काठावर पास झालेल्या मुलासारखा तो तिथे अवघडून उभा असतो, आणि मला त्याला खाली ढकलवत नाही.

आमचा एसी दीड टनाचा आहे. हा टन वजनाचा असेल अशी माझी समजूत होती, म्हणून भिंतीवर लटकवताना मी कारागिराला दोनदा खिळे तपासायला लावले. नंतर कळलं की हा टन बर्फाचा. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. म्हणजे आमच्या बेडरूममध्ये दिवसाकाठी १,३६० किलो बर्फ अदृश्यपणे वितळायची सोय आहे! हे वाचलं आणि मला अण्णांची सायकल आठवली.

अण्णा उन्हाळ्यातल्या रविवारी बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणत. भुशात घोळलेला, गोणपाटात बांधलेला, कॅरियरवर आवळलेला. इतवारीपासून घरापर्यंत रस्त्यावर एक ओली रेघ उमटायची आणि ते पोचेपर्यंत अर्धा बर्फ त्या रस्त्याने पिऊन टाकलेला असायचा. उरलेला कूलरच्या टाकीत जाई. लोखंडी पत्र्याचा तो कूलर हात लावला तर चावायचा, म्हणून अण्णा पायात रबरी चप्पल घालून देवाला नैवेद्य दाखवावा तसे बर्फ आत सोडत. वाळ्याच्या ताट्यांतून वास सुटे, आम्ही भावंडं रांगेत पालथी पडत असू आणि अण्णा विचारत, ‘काय, पडला ना फरक?’ आम्ही एकसुरात ‘हो’ म्हणायचो.

फरक फारसा पडत नव्हता. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता तेवढंच पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जातं. काम ताटीवरून गाजावाजा न करता नाहीसं होणारं नळाचं पाणी करत होतं. कौतुक मात्र बर्फाचं व्हायचं. हे गणित मला फार उशिरा समजलं. अण्णा असताना समजलं असतं तरी सांगितलं नसतं.

आईला मात्र ते गणित न शिकताच ठाऊक होतं. ‘समोरची खिडकी किलकिली ठेव रे, हवेला जायला वाट नको का?’ कूलरचं सारं शास्त्र या वाक्यात आहे. ओली हवा बाहेर पडली नाही, तर खोलीत नुसती चिकचिक होते. कोरडी हवा आत आली, तरच पाणी उडणार. म्हणून तर विदर्भात राज्य करणारा कूलर मुंबईच्या दमट हवेत हात टेकतो, आणि आमच्याकडेही मृगाच्या सरी आल्या की त्याचा तोरा उतरतो.

आता एसीला नेमकं उलटं लागतं; दारं-खिडक्या गच्च बंद. आईच्या खोलीत अजून कूलरच आहे, पण रात्री ती भिंत धरत धरत आमच्या खोलीत डोकावते. आम्ही झोपलो आहोत अशी खात्री करते आणि खिडकीची कडी हलकेच काढून झडप चार बोटं उघडते. मी जागा असतो. ती गेल्यावर उठून खिडकी लावून घ्यावी, असं दर रात्री ठरवतो. फटीतून लू येते, लांब कुठे कुत्रं भुंकतं, आणि बाहेरच्या भिंतीवर कॉम्प्रेसर धापा टाकत सगळा लेआउट थंड करायच्या खटपटीला लागतो.