मुंबई जडलेला प्राध्यापक

गिरगाव ते दादर या पट्ट्यात आढळणारा हा प्राध्यापक मूळचा कोलकात्याचा, धारवाडचा, क्वचित साता समुद्रापलीकडचा असतो. ‘दोन वर्षे काढू आणि जाऊ’ म्हणून येतो आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुरता मुंबईचा होऊन बसतो. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांचे नाव घ्यायला हरकत नाही. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. शहर आधी पायी फिरून समजून घ्यावे, सरसकट पाडापाडी करू नये, असे त्यांचे मत. आजचा वंशज गुरूच्या पुढे गेला आहे. त्याला साधी रंगरंगोटीसुद्धा खपत नाही.

त्याचा जीव शहराच्या सोयींपेक्षा गैरसोयींवर जास्त. ट्राम 31 मार्च 1964 रोजी कायमची थांबली, तरी दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, अजून टीटीच आहे. दादरकर तिथे फक्त बसची वाट पाहतो. हा पाहुण्यांना नेऊन नसलेले रूळ दाखवतो. दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून सुरू होत आणि नवखा हमखास चुकीच्या जिन्याने उतरे. 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झाले. प्रवासी सुटले, प्राध्यापक हळहळला. हिंदमाताच्या सखल भागात तुंबणारे पावसाचे पाणी साठवायला महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, तेव्हाही तेच. गुडघाभर पाण्यात उभे राहून सात बेटांचा इतिहास सांगण्याची त्याची हक्काची जागा गेली.

एप्रिलमध्ये तो लालबागच्या मसाला गल्लीत दिसतो. डोळ्यांना धारा, नाकाला रुमाल, हातात वही. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे आधी भाजायचे की मिरची, सगळे टिपून घेतो. घेतो मात्र पावशेर.

‘‘सर, घरी खाणारे किती?’’

‘‘मी एकटाच.’’

‘‘मग इतकं लिहिता कशाला?’’

याला उत्तर नसते. शेजारी उभी असलेली बाई बदलापूरहून पाच किलोसाठी आलेली असते. तिचे माहेर याच गल्लीच्या तोंडाशी होते.

खरी गंमत इथेच आहे. मूळचा गिरगावकर केव्हाच बोरिवली-डोंबिवलीला गेला आणि गिरगावचे प्रेम सांभाळायचे काम या बाहेरच्या माणसाकडे आले. ते तो अतिशय चोख करतो. चाळीच्या पुनर्विकासाविरुद्ध सह्या गोळा करायला तिसऱ्या मजल्यावर चढतो, धापा टाकतो, लाकडी कठड्यावरून प्रेमाने हात फिरवतो. दारातल्या आजी पाणी देतात, अर्ज शांतपणे वाचतात आणि विचारतात, ‘‘तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना हो?’’

असते.

निवृत्तीनंतर दक्षिण मुंबईतले भाडे पेन्शनमध्ये बसत नाही. मग तोही डोंबिवलीला जातो. तिथल्या कट्ट्यावर चार जुने गिरगावकर भेटतात आणि पहिल्याच संध्याकाळी तो त्यांना मुगभाटातून ठाकूरद्वारला जायचा जवळचा रस्ता समजावून सांगतो.